धूळ माझी, तीळ देवाचा

"जरा गोरा काढा," असं कुणी म्हटलं, की शांतवनकाका त्याच्या हातात आरसा देतात. "ह्यात बघा. ह्यात गोरे दिसला, तर मी बी तसाच काढतो."

अशानं गिऱ्हाईक टिकतं का? नाहीच टिकलं. लग्नासाठी फोटो हवा असलेली निम्मी तिसगावची पोरं-पोरी पाथर्डीच्या स्टुडिओत गेली. पण काका आमचे शेजारी, आणि मला त्यांचा भारी अभिमान. या मोबाईलच्या दिवसांतही ते रिळावर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढतात आणि घरामागच्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हातानं कागदावर उतरवतात.

फोटो धुऊन सुकला, की खरं काम सुरू. धुळीच्या कणामुळे कुठे पांढरा ठिपका राहिला असेल, तर बारीक ब्रश जिभेवर ओला करून त्यात शाई भरत बसणार. जीभ कायम काळी. एकदा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी काळजीनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" काकांनी तिथंच अख्खी जीभ बाहेर काढून दाखवली. पण चेहऱ्यावरचा तीळ झाका म्हणा, पार बिथरतात. "धूळ माझी, तीळ देवाचा!"

गोरेपणाची युक्ती त्यांना येत नाही असं नाही. रिळातून कागदावर उजेड पडत असताना त्यातल्या चेहऱ्यावर हात आडवा धरला, की तेवढा भाग फिका निघतो. काका मात्र तेव्हा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

त्यांच्या बायकोचा, सुगंधाकाकूंचा, रंग सावळा नव्हे, चांगला काळा. त्यांचा जन्मभर एकच हट्ट, "अहो, एकदा तरी गोरी काढा की मला!" काका आरसा पुढे करायचे. काकू तो चुलीत घालायची धमकी द्यायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. वर्षाच्या प्रार्थनेला त्यांचा मोठा फोटो हवा होता. नगरहून लेकीनं, रूथनं, मोबाईलवर गोरा केलेला फोटो पाठवला आणि बजावलं, "पप्पा, आईची एवढी एक इच्छा तरी पुरी करा." काका दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली, "ये गं जरा. एकट्याला सुचंना."

लाल दिव्याखाली मी शेजारी उभी राहिले. काकूंच्या जुन्या रिळातून पहिल्या कागदावर उजेड पाडताना काकांनी हात धरला. ट्रेमधल्या औषधात काकू हळूहळू वर आल्या, गोऱ्यापान. काका बराच वेळ बघत राहिले. "ही कोन बाई?" म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कागद घेतला. या वेळी हात पाठीमागे.

तो फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यात बुडवून, धुऊन, ओलाच घेऊन आम्ही दारात उन्हाला आलो. काळाभोर चेहरा, कपाळावरची चकाकी, डोळ्यांखालची बारीक सुरकुती, सगळं जागच्या जागी. असा फोटो अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी काढून दाखवावा!

"गोरी न्हाई निघाली," काका म्हणाले.

"नाही काका. पण किती देखण्या दिसतात."

"देखनी हुतीच. म्हनून तर हात धरत नव्हतो." त्यांनी फोटो उन्हात जरा तिरका केला. "तिला तेवढं सांगायचं ऱ्हाऊन गेलं बघ."