पाणी आत ठेवणारी होडी

गळतीच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. सगळी हयात मी प्लंबिंगमध्ये घालवली. छतातून टपकणारं, भिंतीत मुरणारं, बेसिनखाली दबा धरून बसलेलं, कुठलंही पाणी असो, मी पान्यांची पेटी घेऊन दारात उभा राहिलो की अर्धी गळती घाबरूनच थांबायची. त्यामुळे शिडाची जुनी लाकडी होडी विकत घेताना मी छाती पुढे काढून म्हणालो, "गळत असली तरी चालेल. ते माझ्यावर सोडा."

होडीचा मालक म्हातारा होता. धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणत. तो म्हणाला, "फार दिवस जमिनीवर आहे ही. लाकूड सुकून आकसलंय, फळ्यांमध्ये फटी पडल्यात. तुम्ही काही करू नका. नुसतं पाणी लागू द्या. लाकूड फुगेल आणि फटी आपोआप मिटतील."

मी मनात हसलो. गळती आपोआप मिटत असती तर माझी चूल कशी पेटली असती?

आता होडीच का, ते सांगतो. बायको गेली त्याला वर्ष होऊन गेलं. कामाचे दिवस कसेबसे जातात, कुणाचा ना कुणाचा नळ गळतोच. शनिवार-रविवार मात्र हलत नाहीत. हाताला दोन कप चहा टाकायची सवय; दुसरा ओट्यावर गार होतो. मुलीनं ते एकदा पाहिलं आणि धोशा लावला. "बाबा, घर विकून टाका आणि आमच्याकडे या. तुम्ही एकटे बसून राहता, इकडे मला झोप लागत नाही."

मुलगी गुणाची आहे. जावईबापू तर गरीब गाय. पण माझ्या घरातला प्रत्येक पाइप मी टाकलाय आणि प्रत्येक भिंतीचा रंग तिनं, म्हणजे बायकोनं, निवडलाय. ते सोडून मी कुठे जाणार? म्हणून सांगून टाकलं, "आता बसून राहणार नाही. शिडाची होडी घेतलीय. सुट्टीला सगळे फिरायला जाऊ."

फोनवर ती म्हणाली, "बाबा, जेवलात का तुम्ही?"

होडी ट्रकवरून आली आणि घरासमोरच्या अंगणात टेकूंवर उभी राहिली. काय रूप होतं! डोलकाठी आडवी बांधलेली, पण डौल असा की लग्नाला निघालेली मावशी. शेजारच्या निवृत्त हेडबाई गॅलरीतून बघत होत्या.

"पाणी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आणतो," मी म्हणालो.

आणि इथेच माझ्यातला प्लंबर जागा झाला. टाकी गळते का, हे आम्ही कसं बघतो? टाकी भरून. मग होडीला वेगळा न्याय कशाला? मी नळाला पाइप लावला, पाइप होडीत सोडला आणि गळती दिसेल तिथे खूण करायला खडू घेऊन खाली उभा राहिलो.

खडू लगेच संपला. होडी कसली, चाळणी होती ती! प्रत्येक फटीतून धार. अंगण भरलं, फाटकाखालून पाणी गल्लीत गेलं, हेडबाईंच्या पायऱ्या धुऊन पुढे वळणापर्यंत पोचलं. मी माघार घेणाऱ्यातला नव्हे. दुसरा पाइप लावला, अर्धी चड्डी घातली आणि आतून फटी चाचपायला होडीत उतरलो.

तेवढ्यात कुणीतरी पाणीखात्याला कळवलं की गल्लीतली मोठी लाइन फुटलीय. दोन माणसं आली, वाहतं पाणी बघितलं, गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि कुदळीनं रस्ता खणायला लागली. मी आत वाकलेलो. मला काय कळणार? माझा पाइप कोरडा पडला, तेव्हा मी खात्यालाच शिव्या घातल्या.

थोड्या वेळानं होडीभोवती बादल्या घेऊन लोक जमले. गल्लीत कुणाकडे थेंब नव्हता. गल्लीचं सगळं पाणी माझ्या होडीत होतं.

"काका, दोन बादल्या द्या की," एकजण म्हणाला.

"रांगेत या," हेडबाईंनी सांगितलं. त्या सगळ्यांत पुढे होत्या. मला म्हणाल्या, "होडीनं पाणी बाहेर ठेवायचं असतं ना? तुमची आत ठेवते."

"तेही धड ठेवत नाही," मी म्हणालो.

मुलगी नेमकी तेव्हाच आली. हेडबाईंनीच तिला फोन केला होता, आणि ती येताना आमच्या डॉक्टरांना गाडीत घालून घेऊन आली होती. तिनं शिडीवरून डोकावून पाहिलं, तर बाप गुडघाभर पाण्यात बसून बोलतोय, "दम धर ग. एवढं रडायचं नसतं. मी आहे ना."

मुलीचे डोळे भरून आले. आता मी होडीशी बोलत होतो हे खरं. मधूनमधून तिच्या आईशीही बोलत होतो. पण ते डॉक्टरांना कशाला सांगा?

डॉक्टर शिडीवर चढले. "काका, आज वार कोणता?"

"गुरुवार. तुमच्या दवाखान्यातला नळ ठिबकायचा थांबला का?"

"नाही अजून."

"वॉशर बदला म्हणून सांगितलं होतं ना मी? डावीकडच्या बेसिनचा."

डॉक्टर खाली उतरले. "स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," ते मुलीला म्हणाले.

पण मुलगी ऐकेना. शेवटी अंगणातच आमचा तह ठरला. पुढच्या रविवारी होडी पाण्यात घालायची आणि मुलगी सगळ्यांना घेऊन तिच्यात बसणार. होडीत पाणी आलं, तर घर विकायचं. नाही आलं, तर हा विषय कायमचा बंद.

खात्याच्या माणसांना मी चहा पाजला, त्यांनी खड्डा बुजवला, पाणी सुटलं. मी होडीत थोडंथोडं सोडत राहिलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. फटींत भरायला आणलेली पुट्टी डब्यातच होती. पहिल्या दिवशी धारा होत्या. मग थेंब झाले. एका सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आलो, तर टेकूंखालची जमीन सुकत आलेली. आत पाणी तसंच. मी पालथा पडून एकेक फट तपासली. सगळ्या मिटलेल्या! सगळ्या हयातीत ही पहिली गळती, जी मी हात न लावता थांबली. आनंद झाला, पण धंद्याचा अपमान झाल्यासारखंही वाटलं.

क्रेनवाला आला आणि आत बघून थबकला. "काका, होडी पाण्यात घालायची की पाणी होडीत?"

मी पाइप लावून पाणी उपसलं. यावेळी आधी हेडबाईंच्या कुंड्यांना दिलं.

रविवारी धक्क्यावर मुलीनं होडीच्या तळाला वर्तमानपत्र पसरलं. लहानपणी परीक्षेचा पेपरही तिनं एवढा निरखून पाहिला नसेल. कप्ताननं सुकाणू धरलं, जावईबापूंनी दोरी ओढली, शीड वर गेलं आणि फट्‌कन फुगलं. होडी एका अंगावर कलली आणि जी निघाली! नातवंडं ओरडत होती. मी ओरडत नव्हतो. मी वर्तमानपत्राकडे बघत होतो.

समोरचा किनारा गाठून आम्ही परत आलो. मुलीनं खाली वाकून कागद उचलला आणि गालाला लावून पाहिला. कोरडा ठणठणीत.

"राहा बाबा तुमच्या घरात," ती म्हणाली. मग कागदाची घडी घालत, "आईला आवडली असती ही."

"रंग बदलायला लावला असता," मी म्हणालो. आणि आम्ही दोघं हसलो, तिची आई गेल्यापासून पहिल्यांदा.

तर जिंकलो मी. मुलीनं घराचा विषय पुन्हा काढला नाही. शनिवार-रविवारही आता रिकामे नसतात. मुलीचा अख्खा संसार सकाळीच माझ्या दारात हजर असतो. कप्तानकडून तिनं सुकाणू असं शिकून घेतलंय की जावईबापूंनासुद्धा हात लावू देत नाही.

अडचण एवढीच की त्यांचा रात्रीचा मुक्कामही होडीतच असतो; होडीत झोपायच्या जागा चार, आणि ती माणसं चार. त्यामुळे मी दोरी सोडतो, हात हलवतो आणि धक्क्यावरच्या बाकावर कप्तानशेजारी बसतो.

परवा न राहवून मी त्याला विचारलं, "इतकी चांगली होडी तुम्ही विकली का हो?"

कप्ताननं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "आमच्या मुलाच्या घरीही चारच माणसं आहेत."