स्वस्त धूळखाऊ यंत्र राज्यात आणिले त्याची हकीकत

श्री. श्वासदायिनी जगदंबा प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी एक राज्य होते, आणि त्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. राज्य तिसरे मजल्यावर, दोन दालने, एक मुदपाकखाना आणि रस्त्याकडेस सज्जा, इतका मुलूख. गादीवर श्रीमंत दिगंबरराव सरकार, त्यांचे कुटुंब सौभाग्यवती ज्योत्स्नाबाईसाहेब, आणि उभयतांवर सरकारांच्या मातोश्रींचा अंमल. चिरंजीव परमुलखी नोकरीस, सबब प्रजा म्हणोन जी काय ती बाईसाहेबच. त्या साली राज्याखालचा रस्ता रुंद करण्याचे काम निघाले आणि धूळ नामे गनीम सज्जाच्या वाटेने आत शिरला, आणि त्याने सोफा घेतला, पंखा घेतला, टीव्ही घेतला, आणि सकाळी झाडून हुसकावला तरी दुपारी पुन्हा ठाण मांडून हजर. बाईसाहेब केरसुणी घेऊन रोज लढल्या, आणि प्रथम शिंका आल्या, मग खोकला आला, मग छातीत शीळ वाजू लागली. तेव्हा वैद्यराजांनी तपासून स्पष्ट सांगितले, "केर काढणं बंद म्हणजे बंद. धूळ अशीच छातीत जात राहिली, तर दम्याचा पंप जन्माचा मागे लागेल." हे ऐकोन बाईसाहेबांस फार भय वाटले. त्यांच्या आईचे अखेरचे दिवस त्या पंपावरच गेले होते.

सरकारही दयावंत. त्यांनी तत्क्षणी आज्ञा केली, "अगं, काळजी करू नकोस. आपण व्हॅक्यूम क्लीनर घेऊ. पण स्वस्त आणि चांगला." आता स्वस्त आणि चांगला हे दोघे भाऊ एका छपराखाली फारसे नांदत नाहीत, हे जग जाणते, परंतु सरकार जग मानीत नव्हते, मोबाईल मानीत होते. मग खासा स्वारी सोफ्यावर आडवी होऊन मोहिमेस निघाली, आणि रोज नवे यंत्र नजरेखाली घालू लागली. कोणी अनामिकाने लिहिले की यंत्र अप्रतिम, दुसऱ्याने लिहिले की पैसे पाण्यात, आणि दोघांनी घेतले होते एकच यंत्र. एक चकतीसारखे यंत्र आपले आपण घरभर फिरून केर खाते असे कळले, तर मातोश्री म्हणाल्या, "माझ्या पायात येईल आणि मी पडेन, मग केर काढा नाहीतर मला काढा." ते बाद जाहले. मग एक हातात मावणारे चिमुकले यंत्र सर्वांत स्वस्त निघाले, परंतु ते मोटारीच्या आतली धूळ काढण्याचे. सरकारांस मोटार नाही. तरी सरकार दोन दिवस त्याच विचारात होते, की उद्या घेतली तर? मग एक पिंपाएवढे यंत्र सापडले, जे सांडलेले पाणीही ओढते, आणि सरकार हरखून बोलिले, "पाणी सांडलं तर केवढी सोय!" बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, पाणी मी फडक्यानं पुसते. मला श्वास लागतो तो धुळीचा." परंतु मोठ्या मसलतीत बारीक आवाज कोणास ऐकू येतो? ऐशा विचारात पितृपक्ष सरला, नवरात्र सरले, कोजागिरीचे दूध आटले, आणि बाईसाहेब नाकास पदर बांधोन केरसुणी चालवीतच होत्या.

अखेर धनत्रयोदशीस सरकार बाईसाहेबांसह दुकानी दाखल जाहले. विक्रेता धंद्यात मुरलेला गृहस्थ. त्याने सतरंजीवर मूठभर भुसा पसरिला, यंत्राच्या पाठीवरची कळ बुटाने दाबिली, आणि भुसा गडप. मग तो बोलिला, "घ्या साहेब, मधल्या किमतीत याच्यासारखं दुसरं नाही. कमी आवाज, लांब वायर, पिशवीही मोठी." सरकारांनी वायर मोजली नाही, आवाज ऐकिला नाही, फक्त विचारिले, "सोबत काय मिळेल?" शेजारच्या यंत्रासोबत इस्त्री फुकट होती. ते यंत्र ओढण्यास कमजोर आणि पिशवी जेमतेम पसाभर, हे विक्रेत्याने खरे सांगितले, ही त्याची थोरवी. परंतु इस्त्रीपुढे सत्याचे काय चालते? राज्यात दोन इस्त्र्या होत्या. आता तीन जाहल्या, आणि यंत्रही आले.

मग लक्ष्मीपूजन आले आणि मातोश्रींनी पेच काढिला. त्या दिवशी नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहण्याची रीत, कारण केरसुणी ती लक्ष्मी. तर केर काढणारे यंत्र कोण? मातोश्रींनी निवाडा दिला, "तीही लक्ष्मीच." मग यंत्र पाटावर चढले, नळीस झेंडूची माळ पडली, लाह्या-बत्तासे पुढे ठेविले. येथवर सर्व मंगल. पाडव्याचे सकाळी बाईसाहेबांनी हौसेने कळ दाबावयास पाऊल उचलिले, तोच मातोश्री गरजल्या, "सूनबाई! लक्ष्मीला पाय?" कळ तर यंत्र बनविणाऱ्याने पायासाठीच केली होती. तेव्हा हुकूम जाहला की वाकून हाताने दाबावी, आणि दिवेलागणीनंतर तर मुळीच दाबू नये. त्यावर सरकारांनी आपला हुकूम जोडिला, "आणि हे बघ, पिशवी लहान आहे, नवीन पिशव्या महाग पडतात. आधी केरसुणीनं मोठा केर काढून घे, मग उरलेल्या बारीक धुळीला मशीन फिरव." ऐसे करिता पिशवी आठ दिवस कोरी राहिली, आणि सरकार तिजकडे पाहून धन्य जाहले. बाईसाहेब मात्र आता एकदाच्या ऐवजी दोनदा केर काढीत होत्या, आणि मध्ये वाकत होत्या. दम वाढला. जिना चढता दोन ठिकाणी बसावे लागे, आणि हे त्यांनी कोणास सांगितले नाही, कारण यंत्र आल्यावरही बरे वाटू नये याची त्यांसच लाज वाटे.

मग कार्तिकात एके सकाळी सोफ्याखालची धूळ ओढता ओढता बाईसाहेबांच्या हातची केरसुणी गळाली आणि त्या भिंतीस टेकून भुईवर बसल्या. श्वास आत जाईना. ओठ निळसर जाहले. सरकार पाण्याचा पेला घेऊन धावले, तो अर्धा वाटेतच सांडला. मातोश्री पाठ चोळू लागल्या. पुष्कळ वेळाने श्वास ठिकाणी आला, तेव्हा बाईसाहेब उठल्या, कोणाशी न बोलता यंत्रापाशी गेल्या, आणि टाच उचलून कळ धाडदिशी दाबिली. यंत्र घुमू लागले. मातोश्री सवयीने बोलिल्या, "अगं, लक्ष्मी आहे ती!"

"आई," बाईसाहेब धापा टाकीत म्हणाल्या, "माप ओलांडून मी या घरात आले, तेव्हा लक्ष्मी आली म्हणून तुम्हीच पेढे वाटलेत ना? मग हिला पाय लागलेला चालत नाही, आणि माझा जीव गेलेला चालतो?"

यंत्र घुमत राहिले. मातोश्रींचे डोळे भरले. मग त्यांनी पदराने डोळे पुशिले आणि बोलिल्या, "पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, एवढंच आहे ते. दिगू, ऊठ. झाडू घे."

"मी?" सरकार बोलिले.

"नाहीतर काय मी? तुझाच हुकूम आहे ना, आधी झाडायचं म्हणून? झाड."

मग बाईसाहेब यंत्र बंद करून आतल्या दालनात दार लावून बसल्या, आणि सरकार प्रथमच गनिमास समोरासमोर भेटले. टीव्हीखालून जो लोट उठला तो थेट श्रीमुखावर आला. शिंक आली, दुसरी आली, चष्मा दिसेनासा जाहला. निम्मे दालन झाडून होते न होते तो सरकारांनी केरसुणी टाकिली, यंत्रास पाय लाविला, घाईने नमस्कार केला, आणि नळी थेट मोठ्या केरात खुपसली. "हे आधी झाडायचं काही खरं नाही," ते ओरडून बोलिले, "मग मशीन आणलंय कशाला?" आणि त्याच दुपारी त्यांनी पिशव्यांचा मोठा पुडा मागविला, आणि किंमत विचारिली नाही.

येणेप्रमाणे हकीकत. पौषात बाईसाहेब जिना एका दमात चढल्या. तात्पर्य इतुकेच, की हुकूम काढणाराच्या हाती केरसुणी दिली असता हुकूम दुपारपर्यंतही टिकत नाही. लेखनसीमा.