गाईचा रंग: एक गुण

कुठलीही गोष्ट बघण्याआधीच तिच्याविषयी लिहून ठेवलं, की बघताना घोटाळा होत नाही. हे शहाणपण मला केस पिकल्यावर आलं. आमच्या शाळेला ते पहिल्यापासून होतं.

मी त्या शाळेचा शिपाई. चौथीची क्षेत्रभेट ठरली, तीही जिथे खरोखर शेती होते अशा शेतावर. (शोभेचं शेत जवळ होतं, पण ते सोमवारी बंद असतं.) मुलं बेचाळीस, टोप्या बेचाळीस, मुख्याध्यापिका बाई एक, आणि हात धुवायच्या औषधाचा पाच लिटरचा कॅन, जो माझ्याकडे. नियम सतरा. सोळा नियमांच्या शेवटी 'करू नये' होतं. सतरावा असा: 'मनमोकळा आनंद घ्यावा.'

वेळापत्रक तर जपून ठेवण्यासारखं होतं. १०.४० ते १०.५५, गाय पाहणे. १०.५५ ते ११.००, गाईविषयी आपुलकी वाटणे. ११.०० ते ११.२०, हात धुणे.

शेतावर पोचल्यावर लिहिण्यात वेळ जाऊ नये, म्हणून बाईंनी निरीक्षणपत्रिका बसमध्येच भरून घेतली. बाई उत्तरं सांगत, मुलं लिहीत. "प्रश्न सहावा. गाईचा रंग कोणता? लिहा, पांढरा. एक गुण."

मागच्या बाकावर एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'ने सुरू होई, म्हणून वर्गात तिला पणबाई म्हणत.

"पण बाई, गाय अजून बघितलीच नाही."

"म्हणून तर सोपं जातंय ना? लिही."

पणबाईने लिहिलं. शेत यायच्या आत शंभर टक्के निरीक्षण पूर्ण झालं होतं.

शेतावरच्या काकू फाटकातच आडव्या उभ्या. घरात एकट्याच, हात कोपरापर्यंत ओले. म्हणाल्या, "आज गोठ्याकडे नको हो. गाय अडलीये पहाटेपासून. गेल्या खेपेचं वासरू गेलं माझं. आता हेही गेलं तर..." पुढचं त्यांनी पदराने पुसलं.

बाईंना वाईट वाटलं. (वेळापत्रकात त्याची सोय नव्हती, तरी वाटलं.) पण त्यांची अडचण खरी होती. बेचाळीस पत्रिकांवर 'आम्ही गोठा पाहिला' असं शाईने लिहून झालं होतं. आता गोठा न बघणं म्हणजे मुलांना खोटं शिकवणं. शाळा ते कसं करणार?

म्हणून मुलं गोठ्यापासून दहा पावलांवर रांगेत उभी राहिली, तोंडावर बोट.

गाय आडवी पडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आलेला, दुसरा आत दुमडलेला. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, दोन तास लागतील. काकू म्हणाल्या, "दोन तास नाही तिच्याकडे. कुणीतरी धरा रे माझ्याबरोबर."

मी कॅन खाली ठेवला.

"मामा," बाई म्हणाल्या, "नियम अकरा." शाळेच्या कर्मचाऱ्याने जनावरास स्पर्श करू नये. मी कॅन उचलला. नोकरी माणसाला फार लवकर वळण लावते.

तेवढ्यात बसचा ड्रायव्हर बाह्या सारत आला. बाईंनी सतराही नियम वरून खाली वाचले. ड्रायव्हर एकाही नियमात बसत नव्हता. भाड्याची बस, भाड्याचा माणूस. त्याला अडवायला कागदच नव्हता!

"काकू, साबण द्या आणि सुताची दोरी. आणि रडणं मागाहून." गुडघ्यावर बसून तो गाईला म्हणाला, "काय गं माझे आई, इतकी कसली घाई होती सोमवारची?"

तिची कळ थांबली तसा त्याने हात आत घातला. दुमडलेला पाय हळूहळू सरळ केला. मग दोन्ही पायांना दोरी, आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं. काकू आणि तो एका दोरीवर. रांगेतली बेचाळीस मुलंही कळीबरोबर श्वास रोखत होती. वासरू बाहेर आलं आणि तसंच पडून राहिलं. काकूंनी त्याच्या नाकातलं पुसलं, पेंढ्याने अंग खसाखसा घासलं. काही नाही. पुन्हा घासलं.

वासरू शिंकलं.

काकू मटकन खाली बसल्या आणि त्यांनी गाईच्या मानेत तोंड खुपसलं. मुलांची तोंडावरची बोटं कधी गळाली, कुणाला कळलं नाही. आपुलकी वाटण्याचा कार्यक्रम ठरल्यापेक्षा सदतीस मिनिटं लांबला. त्यामुळे हात धुणं रद्द करावं लागलं, आणि पाच लिटरचा कॅन मी होता तसा परत आणला.

परतताना बसमध्ये पणबाईने शेजारणीकडे खोडरबर मागितला. शाई निघेना, तेव्हा तिने थुंकी लावून घासलं. कागदाला भोक पडलं. मग बाजूला, समासात, तिने गाईचा रंग लिहिला. जो होता तो.

पत्रिका तपासून आल्या. एकेचाळीस जणांना पैकीच्या पैकी. पणबाईचा एक गुण गेला. शेरा: 'उत्तर सूचीप्रमाणे नाही. शिवाय खाडाखोड.' गठ्ठा मीच कपाटात ठेवला, किल्ली बाईंना दिली.

आता तुमचं काय? गाय कुठल्या रंगाची होती, हे मी एका शब्दाने सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही इथपर्यंत विचारलेलं नाही. गोठ्यात पांढरी गाय दिसत होती ना? शाबास. एक गुण तुमचा. खाली उतरायची गरज नाही, बस सुटते आहे.