रवंथावरून फुटलेलं मंडळ

एका जंगलात, बाळांनो, सिंह राज्य करत होता, कोल्हा बातम्या देत होता आणि बाकीचे सगळे दोघांचंही मुकाट्यानं ऐकून घेत होते.

त्या जंगलाच्या दक्षिणेला खालचा पाणवठा होता. तिथे सोनबा नावाचा रेडा राहायचा. तो बेस गिटार वाजवायचा. बेस गिटार म्हणजे असं वाद्य, की ते वाजतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबलं की सगळे एकमेकांकडे बघू लागतात. सोनबाचा स्वभावही तसाच होता.

त्याच्या जोडीला गणपा साळिंदर ड्रम वाजवायचा. काडी मोडली की पाठीवरची दुसरी उपसायचा. दोन बगळे ट्रम्पेट फुंकायचे. आणि गायची अनसूया टिटवी. देह मूठभर, पण तिनं सूर लावला की पलीकडच्या मगरींच्या डोळ्यांतही खरं पाणी यायचं.

मंडळाचं नाव ‘खालचा पाणवठा फंक आणि सोल मंडळ’. फंक म्हणजे काय, असं तुम्ही विचारालच. ज्यात कंबर आधी हलते आणि डोकं मागाहून परवानगी देतं, ते फंक. आणि रडू येत असतानाही ज्यात पाय थांबत नाहीत, ते सोल.

सशिणीच्या पोरांचं बारसं असो की उन्हापावसातलं कोल्ह्याचं लग्न, मंडळ हजर असायचं. ऐकणारे जेवणात गुंतलेले असायचे. कुणी मान हलवलीच तर ती माशा वारायला. पण वाजवून झालं की सगळे पाण्यात डुंबत हसायचे, आणि सोनबाला वाटायचं, याहून आणखी काय हवं?

मग कासवाच्या घरचं लग्न निघालं. वरात कासवांची, ती काही केल्या पुढे सरकेना. वाजवता वाजवता सोनबाला भूक लागली. त्यानं सकाळचा चारा तोंडात आणला आणि रवंथ सुरू केला.

अनसूया गाता गाता थांबली. “सोनबा, तू बेताल रवंथ करतोस,” ती चारचौघांत म्हणाली.

सोनबाला ते फार लागलं. “खूर चुकला तर बोल,” तो म्हणाला. “रवंथ ही माझी घरची बाब आहे.”

शब्दानं शब्द वाढला. समजूत घालायला गणपा मध्ये पडला. पण साळिंदर मध्ये पडलं की भांडण मिटत नाही, टोचतं. बगळे कुणाचीच बाजू न घेता एका पायावर उभे राहिले, तर त्यावरूनही दोघं चिडली. सोनबानं गिटार शिंगाला अडकवली आणि तो निघून गेला. मंडळ फुटलं.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं बातमी दिली, की एका युगाचा अंत झाला. ज्यांनी मंडळ कधीच ऐकलं नव्हतं, ते सर्वांत जास्त रडले. माकडांनी शोकसभा घेतली आणि ती इतकी रंगली, की लगेच दुसरी ठरवली. अस्वलानं दुःखानं मध सोडला आणि तसं घरोघरी जाऊन सांगितलं. सिंहानं मंडळ एकदाच ऐकलं होतं, तेही बंद करायला सांगण्यापुरतं. त्यानं मंडळाला जंगलाचा ठेवा म्हणून जाहीर केलं आणि फुटलेल्यांनी एकदा तरी एकत्र वाजवावं, असा हुकूम काढला.

सोनबाला ठेवाबिवा काही कळत नव्हतं. त्याला एकट्याला पाण्यात करमत नव्हतं, एवढंच. कार्यक्रमाच्या दिवशी मंचामागे अनसूया दिसली तेव्हा तो उगाच गिटारीच्या तारा पिळत राहिला. तीच जवळ आली.

“तुझ्याशिवाय गाऊन बघितलं,” ती म्हणाली. “ताल सापडेना. मी आजवर तुझ्या रवंथावरच ताल धरत होते रे.”

दोघं मनसोक्त रडली. मग मंडळानं असं वाजवलं, की आधी कधी वाजवलं नसेल.

खाली मात्र चुळबूळ सुरू झाली. लांडगे उठून गेले. तरसानं जांभई दिली. कोल्हा मंचामागे येऊन कळवळून म्हणाला, “लोक भांडण बघायला आले होते. तुम्ही नुसतंच वाजवलंत.”

तेव्हापासून मंडळ लोकांसमोर भांडू लागलं. दर हंगामात एक शेवटचा कार्यक्रम व्हायचा आणि झाडाच्या फांद्या माणसांनी, चुकलो, माकडांनी वाकायच्या. सोनबाला खोटं बोलता येत नसे. तो डोळे लाल करून ओरडायचा, “तू फार छान गातेस!” आणि काय जिव्हारी टोमणा मारला म्हणून लोक लोळायचे. कार्यक्रम संपला की दोघं लव्हाळ्यात लपून भेटायची आणि तोंड दाबून हसायची.

एके दुपारी एका वानरानं ते पाहिलं. टिटवी रेड्याच्या शिंगावर बसली होती आणि दोघं खिदळत होती.

फसवणूक झाली म्हणून सगळं जंगल पाणवठ्यावर चालून आलं. सोनबानं मान खाली घातली आणि खरं ते सांगून टाकलं. आम्ही मित्र आहोत, कायमचेच आहोत, असं तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या रानडुकरांनी सुळे घासायला घेतले.

अनसूया पुटपुटली, “तुझंच हसणं मोठं. हळू हस म्हणून किती सांगितलं.”

“आणि तुझी टिवटिव?” सोनबा म्हणाला.

मग जे जुंपलं, ते थांबेना. जंगलानं सुटकेचा निःश्वास टाकला. सगळे होते तिथेच ऐसपैस बसले. गणपानं काड्या उपसल्या, बगळ्यांनी ट्रम्पेट सावरले. भांडता भांडता सोनबा खाली वाकला आणि त्यानं हळूच विचारलं, “अनसूया, हे खरं भांडण आहे का गं?”

तिनं थोडा विचार केला.

“मलाही कळत नाही,” ती म्हणाली. “पण लोक बसलेत. वाजव.”

सोनबानं वाजवायला घेतलं. त्याचा सूर मुळातच इतका खालचा, की तो हसतोय की रडतोय, हे कुणालाच ओळखता आलं नाही.

तात्पर्य : एकीत बळ असतं, बाळांनो, यात शंकाच नाही. पण एकी बघायला कुणी जागा धरून बसत नाही.