न घातलेला मंडप

सरकारकडून मदत काढायला डोकं लागतं, आणि सेनगाव तालुक्यात ते आपल्या एकट्यालाच आहे, असं प्रभूचं ठाम मत होतं! बायकोसमोर त्यानं छाती ठोकून सांगितलं, "मोहिनी, पंधरा दिवसांत मदत मंजूर करून न्हाई आणली, तर आपल्या मंडप-बिछायत केंद्राच्या पाटीवरचं माझं नाव पुसून टाक!"

पाटी तरी कुठं धड राहिली होती? कोरोनानं दोन हंगाम लग्नाचे मंडप बंद पाडले, आणि गोदामातल्या गाद्यांत उंदरांनी बाळंतपणं उरकली! नवरा-नवरीच्या राजेशाही खुर्च्यांची मखमल कुरतडली ती वेगळीच. भंगारवाला गुलाबचंद दर आठवड्याला यायचा, मंडपाचे पाइप हातानं तोलून बघायचा आणि "विचार करा" म्हणून जायचा. मदत आली तर नवं कापड घेऊन हंगाम धरता येणार होता. नाही आली, तर पाइप गुलाबचंदचे.

कचेरीत तातेराव नावाचे बाबू होते. त्यांनी अर्ज उलटा-सुलटा करून बघितला.

"धंदा बुडाला, याचा पुरावा?"

"साहेब, अख्ख्या दुनियेत लॉकडाऊन होतं की!"

"दुनियेचं सोडा. तुमचं बुकिंग होतं, पण लग्न झालं न्हाई, असं मुलीच्या बापाचं लेखी आणा."

न झालेल्या गोष्टीचा पुरावा! तरी प्रभू खूश. धरणाकडच्या नामाजीनं आपल्या दिपाच्या लग्नाला त्याचा सगळ्यात मोठा मंडप ठरवला होता. ऐन वेळी लॉकडाऊन लागलं आणि लग्न परसात, पंचवीस माणसांत उरकलं. मंडप गोदामातून हललाच नाही.

नामाजी मेंढरांमागं होता. "लिव बाबा तुला पायजे ते," तो म्हणाला. "तुझं भलं व्हऊन राहिलं तर माझं काय जातं?" आणि त्यानं न वाचताच सही ठोकली. प्रभूनं कागदावर तातेरावांचे शब्द इमानदारीनं उतरवले होते: 'माझी मुलगी दिपा हिचे लग्न झाले नाही.' मंडपाचा उल्लेखच नाही! कागद कचेरीत देऊन वर पठ्ठ्यानं त्या कागदाचा फोटो मंडपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. "असा पुरावा लागतो, शिका!"

संध्याकाळपर्यंत तो फोटो फिरत फिरत औंढ्याला पोचला. तिथं दिपाचे सासरे किशनराव. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची जीप नामाजीच्या दारात. दिपाला आणि तिच्या कडेवरच्या लेकराला उतरवून ते गरजले, "लग्नच झालं न्हाई म्हंता, तर ही सून आमी काहून सांभाळावी?"

नामाजीची बायको सिंधूबाई लेकीकडं धावली. प्रभूला बोलावणं गेलं. तो आल्या आल्या दिपानंच त्याला धरलं.

"प्रभूकाका, लग्न झालं न्हाई, तर हे लेकरू काय सरकारी योजनेतून मिळालं?"

सगळं गाव हसलं. दिपा मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. आता प्रभूला खरी लाज वाटली. आपल्या कागदापायी पोरीचा संसार रस्त्यावर आला होता!

"पाव्हणं, लग्न झालं असं मी लिवून देतो!"

"दोन ओळींत भागायचं न्हाई," किशनराव म्हणाले. "थाटात झालं म्हणून लिव. भावकीत वाचून दाखवायचंय मला."

प्रभू लिहायला बसला. 'लग्न झाले' इथपर्यंत ठीक चाललं होतं. पुढं 'मंडप' हा शब्द आला आणि त्याचा हात थांबेचना! आकाशी-पांढऱ्या झालरी, फुलांची कमान, कव्हर घातलेल्या चारशे खुर्च्या, पाण्याचे फवारे उडवणारे पंखे. दोन वर्षं जो मंडप तो अंथरुणात पडल्या पडल्या मनात घालत होता, तो त्यानं एकेक पाइप रोवत कागदावर उभा केला. मग त्यानं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सिंधूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "असा असता तर किती बरं झालं असतं रे!"

किशनरावांचं समाधान झालं. सून जीपमध्ये बसली. पुन्हा तकलीफ नको, म्हणून जाता जाता त्या धोरणी माणसानं कागदाची एक प्रत कचेरीत देऊन वर पोचही घेतली!

पंधराव्या दिवशी तातेरावांनी दोन्ही कागद प्रभूसमोर ठेवले.

"लग्न झालं न्हाई म्हंता, आन हे काय? लॉकडाऊनात चारशे खुर्च्या? नशीब समजा, नुसता अर्जच फेटाळून राहिलो!"

प्रभूनं तोंड उघडलं. पण खरं सांगावं, तर दिपा पुन्हा बापाच्या दारात! त्यानं तोंड मिटलं आणि तो कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. अक्षर त्याचं, सही त्याची. आणि मंडप तर असा बेफाम झाला होता, की एवढ्या जोरात धंदा चाललेल्या माणसाला सरकारनं मदत काहून द्यावी, हे प्रभूला स्वतःलाच पटलं!