पहलाज मास्तरांची कच्ची शिलाई

‘पहलाज मास्तरांनी हौसेने शिवलेली पँट भर सामन्यात उसवली, मुलीची फजिती झाली आणि शिलाई कच्ची होती हे मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले.’ आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीचे सचिव सबनीस हे विधान बागेतल्या बाकावर बसून रोज करतात. पँट उसवली हे खरे, फजिती खरी, कबुलीसुद्धा खरी. तरीही विधान खोटे आहे, आणि ते खोडून काढल्यावाचून मला चैन पडणार नाही.

मास्तर सिंधी, त्यांचे शिंपीकामाचे दुकान उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत. माप द्यायला आलेल्या माणसाला ते सरळ उभे राहू देत नाहीत. त्याच्या हातात लोखंडी गज देतात, फरशीवर रिकामे रीळ ठेवतात आणि म्हणतात, ‘साईं, मारो.’ गिऱ्हाईक ओशाळून रिळाला फटका मारते, मास्तर त्याच्या कमरेकडे टक लावून बघतात आणि मगच खडू उचलतात. एका नवरदेवाला त्यांनी सात वेळा मारायला लावले. पुढे लग्नाच्या पंगतीत तो मांडी घालून तिसऱ्यांदा जिलेबी घेत होता आणि पँटने हूं की चूं केले नाही. तो सबनीसांचा भाचा. हे मात्र बाकावर कधी निघत नाही.

मी स्वतः कारखान्याच्या संघातून बारा वर्षे हॉकी खेळलो आहे. फटक्याचा जोर मनगटात असतो, असे मी मास्तरांना पहिल्याच भेटीत सुनावले.

‘कर्णिकसाहेब, मनगट तो चपराशी है,’ पायाने मशीन चालवतच ते म्हणाले. ‘सही कमरेची. चपराशी फक्त कागद पोचवतो.’

‘आणि पाय?’

‘पाय जामीन आहे. जामीन पुढे नाही आला, तर साहेब सही कशाला करेल?’

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. उजवा पाय जमीन रेटतो, डावा दूरवर पुढे पडतो. मग कमर वळते, तिच्यामागून छाती, खांदा आणि सर्वांत शेवटी मनगट. प्रत्येकाने आधीच्याकडून मिळालेला वेग वाढवून पुढे द्यायचा. चाबकाची मूठ जराशी हलते आणि टोक कडाडते, तसे. हे सारे मी तिथल्या तिथे मान्य केले, असे सबनीस सांगतात. मी मान्य केले नव्हते. मी गप्प बसलो होतो.

आता तो सामना. दर्शना ही चिखलोलीच्या शेतकरी घरातली मुलगी, बदलापूरच्या कॉलेजात शिकणारी. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारावा तर तिनेच. म्हणजे चेंडू काठीला चिकटवून ओढत आणायचा आणि सगळे अंग वळवून गोलात भिरकावायचा. आखूड कपड्यांत खेळायला घरातून मनाई होती. पूर्ण पँट घालायची, या एकाच अटीवर परवानगी मिळाली होती. त्या दिवशी तिचा डावा पाय पुढे पडला, ती खाली वाकली आणि जांघेची शिवण टर्रकन गेली. चेंडू गोलात गेला, पण तो कोणी पाहिला नाही. सारे मैदान हसत होते.

पंचांची शिट्टी वाजण्याआधी, माझ्याबरोबर सामना बघायला आलेले मास्तर मैदानात होते. त्यांनी अंगातला शर्ट काढून तिच्या कमरेला बांधला आणि लोकांकडे तोंड करून ओरडले, ‘हसायचं तर इकडे हसा! मेरी सिलाई कच्ची थी! सडेला धागा लावला मी!’ बनियनमधला साठी उलटलेला माणूस, गळ्यात टेप, टेपचे टोक ढेरीवर हेलकावे खाते आहे. लोकांना मुलीपेक्षा तो अधिक हसण्याजोगा वाटला. मीही हसलो, लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दर्शनाच्या फ्लिकमधला जीव गेला. महिन्याभरावर राज्य संघाची निवड चाचणी होती. मनगट कमजोर झाले, असा प्रशिक्षकांनी निर्वाळा दिला आणि तिच्या हातात डंबेल्स दिली. मास्तर टेप घेऊन मैदानावर गेले आणि मातीत उमटलेली तिची पावले मोजून आले.

‘एक वीत आखूड,’ ते म्हणाले. ‘पोरगी गोलकीपरला नाही घाबरत, साईं. पँटला घाबरते.’

त्यांनी नवी पँट शिवली, जांघेच्या सांध्यात जादा कापडाची चौकोनी कळी घालून, आणि दर्शनाला दुकानात बोलावले. ती लाजते आहे असे दिसताच त्यांनी सगळ्या कारागिरांना, आणि मलाही, बाहेर काढले. मी शटरपाशीच उभा राहिलो. आतले ऐकू येत होते.

‘मी भिंतीकडे तोंड केलंय. फाड आता.’

‘काका, नाही फाटत.’

‘पुन्हा. पाय लांब टाक.’

‘नाही ना फाटत!’

‘मग भितेस कुणाला? मार, बेटा!’

रीळ शटरवर असे आदळले की मी दचकून मागे सरलो. पुढे चाचणीत तिची निवड झाली. श्रेय डंबेल्सना मिळाले.

इकडे दोन शाळांनी मास्तरांकडून गणवेशाचे काम काढून घेतले. ‘उसवणारा मास्तर’ हे नाव गल्लीत कायम झाले. ज्या माणसाची सारी मिजास एका शिवणीवर उभी, त्याच्या शिवणीला लोक हसू लागले. मला ते पटेना. मी मास्तरांनी शिवलेली पँट घातली आणि घराच्या हॉलमध्ये छत्रीने ड्रॅग फ्लिक मारला. पँट शाबूत राहिली, कंबर धरली. ‘चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणावर गोल चढवत होतात?’ शेक देता देता बायकोने विचारले.

पाचव्या दिवशी लंगडत मी दुकानात गेलो. ‘मास्तर, तुमची शिवण उसवत नाही. पुरावा माझ्या पाठीत आहे. खरं काय ते बोला.’

कमरेवर तासभर बोलणाऱ्या त्या माणसाने मान खाली घातली. ‘धागा, साईं. कधी कधी होतं,’ एवढेच म्हणाले आणि मशीनचा आवाज वाढवला. त्यानंतर वर्षभर मी विचारत राहिलो आणि मशीन मोठ्याने चालत राहिले.

गेल्या आठवड्यात दर्शना राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला रवाना झाली. दुसऱ्याच दिवशी तिची आई आमच्या दारात उभी. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, ‘तुमी लिवता ना? मग ह्ये लिवा. मास्तरांनी शिवण बघितली नि जागच्या जागी वळखलं. मला नि पोरीला शपथ घातली, बोलायचा नाय, लोक आईला हसले तर पोर खेळ सोडंल म्हणून. पोर लागली मार्गाला, आता मी कशाला गप ऱ्हाऊ?’

सबनीसांनी हे उद्या बाकावर मोठ्याने वाचावे. ती पँट दर्शनाच्या आईने नवऱ्याच्या जुन्या पँटचे कापड कापून घरी, स्वतःच्या हाताने शिवली होती.