जुना पार्ट कुठाय?

भालेराव काकांची दाढ काढली तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. काकूंचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचं काम शेजारधर्मानं माझ्याकडे आलं. दाढ निघाली, डॉक्टरांनी तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि हात धुवायला वळले. काका काही खुर्चीतून उठेनात. बोळ्याआडून ते घुंघुं करत काहीतरी मागत होते. डॉक्टरांना कळेना. मला कळलं.

"ते जुना पार्ट मागतायत," मी म्हटलं.

"काय?"

"दाढ हो. काढलेली दाढ दाखवा म्हणतायत."

डॉक्टरांनी ट्रेमधून ती उचलून दिली. काकांनी ती उजेडाला धरली, किडलेली बाजू बोटानं चाचपली आणि मान हलवली. म्हणजे पास.

त्याआधी मोतीबिंदूच्या वेळीही त्यांनी असाच घोळ घातला होता. "आजोबा, तो आत विरघळवून काढतात, दाखवायला काही उरत नाही," असं नर्सबाईंनी समजावलं, तर काका म्हणाले, "असं समदेच म्हणत्यात."

काका आमच्या रहाटणीच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पिंपरीच्या एका कंपनीत तीस वर्षं ते इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी बनवलेला माल मापात बसतो का ते बघायचं, आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' असा शिक्का मारायचा. माणूस रिटायर झाला तरी शिक्का काही रिटायर होत नाही. भाजीवाल्याकडे ते भेंडी एकेक मोडून बघतात. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'शुभ सकाळ' टाकलं, तर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. काकू सांगतात, "मला बघायला तीनदा आले होते. तिसऱ्यांदा आमचे आबा वैतागून म्हणाले, पोरगी बघायचीय का मोजायचीय?"

रिटायर झाल्यावर काकांच्या दोस्तांनी फंडाच्या पैशात तळेगावला प्लॉट घेतले. काकांनी जुना सहाचाकी ट्रक घेतला आणि ड्रायव्हर ठेवून चाकणच्या कंपन्यांचा माल वाहायला लागले. मी पाच वर्षांपूर्वी इथं राहायला आले, तेव्हा तो ट्रक बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा असायचा आणि काका त्याच्याखाली पाठीवर झोपून काहीतरी रंगवत असायचे. मला वाटलं, गंजाला रंग देतायत. जवळ जाऊन बघितलं तर हातात नेलपॉलिशची बाटली.

"खूण करतोय," काका म्हणाले. "गॅरेजवाला चांगला पार्ट काढून घेतो आन् भंगारातला बसवतो. खूण असली म्हणजे कळतं, आपला कुठला आन् त्याचा कुठला."

इंजिनच्या पार्टना लाल, चाकाच्या पार्टना गुलाबी, बॅटरीला जांभळा. काकूंनी जन्मात कधी नखं रंगवली नाहीत, पण कोपऱ्यावरचा कॉस्मेटिक्सवाला काकांना बघितलं की नवीन शेडचा खोका पुढं करायचा. एका गॅरेजवाल्यानं ही युक्ती ओळखली. त्यानं भंगारातला पार्ट बसवला आणि त्याच्यावर स्वतः बाजारातून आणलेल्या गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही राणी कलर हाय. माझा बेबी पिंक." तो गॅरेजवाला अजूनही काका दिसले की हात जोडतो.

ट्रक गॅरेजला गेला की काकाही जायचे. सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन निघायचे आणि गाडीसमोर खुर्ची टाकून बसायचे. मेकॅनिक चहाला गेला तर हे चहाला जायचे नाहीत. मेकॅनिकनं बोल्ट खोलला की हे मोजायचे. आणि दर थोड्या वेळानं एकच प्रश्न, "जुना पार्ट कुठाय?"

सगळेच गॅरेजवाले लबाड असतात असं काही काकांचं म्हणणं नाही. ते त्यांचे दोन वर्ग करतात. "एक चोर, दुसरा अडाणी. त्यातल्या त्यात चोर परवडला. चोराला कुठला बोल्ट कुठं बसतो ते तरी माहीत असतंय." तळवड्याच्या एका अडाण्यानं गिअरबॉक्स खोलून परत बसवला, तेव्हा चार बोल्ट हातात उरले. "जास्तीचे आहेत काका," तो म्हणाला. काका त्याच्याकडं बघतच राहिले. "जास्तीचे? तीस वर्षं कंपनीत होतो बाबा. कंपनी एक वॉशर जास्तीचा देत न्हाई, तुला चार बोल्ट कशाला देईल?" गिअरबॉक्स परत उतरवला गेला.

मोशीला मात्र एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी काकांनी विचारायच्या आधीच जुना पार्ट फडक्यात गुंडाळून पुढं केला. त्या दिवशी काका दुपारीच घरी आले. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई," ते पडेल आवाजात म्हणाले. "काम चांगलं केलंय. दिवस वाया गेला."

हसत होते मी. बिल्डिंगमध्ये सगळेच हसायचे. काका सकाळी खुर्ची घेऊन निघाले की वॉचमन विचारायचा, "आज कोण आजारी? तुम्ही का गाडी?" दोनेक वर्षांपूर्वी मागच्या मोकळ्या जागेतला ट्रक दिसेनासा झाला, तेव्हा मी एकदा विचारलं होतं. "बाहेर हाय," एवढंच काका म्हणाले. खुर्ची घेऊन जाणं चालूच होतं, त्यामुळे मीही खोलात गेले नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. तयार माल ट्रकमध्ये चढवून वेळेवर रवाना करायचा, आणि तो वाटेत अडकला की सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. गेल्या महिन्यात तमिळनाडूत होसूरला जाणारा आमचा एक ट्रक फाटकातून निघाला आणि तीन किलोमीटरवर बसला. धूर काळा, गाडीत दम नाही. ड्रायव्हर मुरुगन तमिळ, हिंदी मोजून दहा शब्द. त्यानं गाडी जवळच्या गॅरेजमध्ये घातली. दुपारी मी गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, इंजिन खोलावं लागतंय. चार दिवस धरा."

चार दिवस माल थांबला असता तर तिकडच्या कारखान्याची लाइन बंद पडली असती. साहेबांनी मला सांगितलं, "जाऊन बघा." आता मी जाऊन काय बघणार? पण गेले.

गॅरेजमध्ये पाऊल टाकलं, आणि मुरुगनच्या ट्रकसमोर घडीच्या खुर्चीवर भालेराव काका.

मला वाटलं, यांचाही ट्रक इथंच आलाय. पण काका मुरुगनच्याच गाडीबद्दल भांडत होते, आणि तेही हिंदीत. गॅरेजचा मालक विचारत होता, "काका, तुम कौन होते हो? गाडी तुम्हारी नहीं."

"हम इसका काका है."

"वो तमिळ है!"

"तो? तमिळ को काका नहीं होता क्या?"

मुरुगन शेजारी उकिडवा बसला होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं. पण आपल्या बाजूनं कुणीतरी बोलतंय एवढं कळत असावं, कारण त्यानं काकांच्या खुर्चीची दांडी धरून ठेवली होती.

काकांनी मला बघितलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. "बरं झालं आलीस. हा छाती फाडायला निघालाय. थांब." त्यांनी मुरुगनला खुणेनं गाडी चालू करायला लावली, रेस द्यायला लावली, आणि स्वतः वाकून इंजिनकडे जाणाऱ्या एका जाड रबरी पाइपाखाली तळहात धरला. "पोरी, हिकडं ये. हात धर."

मी हात धरला. सूं करून हवा लागली.

"ही इंजिनाला जाणारी हवा. पाइप खालनं फाटलाय, म्हणून गाडीला धाप लागतीय. दम्याचं औषध द्यायचं, तर हा ऑपरेशन सांगतोय."

मेकॅनिक कानामागं खाजवत म्हणाला, "आम्ही तेच बघणार होतो काका."

"बघणार होतास ना? मग बघ. मी बसलोय."

दीड तासात नवा पाइप बसला. फाटका पाइप काकांनी मागून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि मुरुगनच्या हातात दिला. गाडीचा धूर साफ झाला. जाताना मुरुगन काकांचे दोन्ही हात धरून तमिळमध्ये बराच वेळ काहीतरी बोलला. काका "व्हय, व्हय, सावकाश जा" म्हणत राहिले. दोघांनाही एकमेकांचं पूर्ण पटलं होतं.

परत निघाले तेव्हा काकांना मी माझ्या गाडीत घेतलं. चाकणचा चौक नेहमीसारखा तुंबलेला. थांबल्या थांबल्या मी विचारलं, "तुमचा ट्रक कुठल्या गॅरेजला आहे?"

काका समोर बघत म्हणाले, "इकला. दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही रोज..."

"बाहेरचे ड्रायव्हर असत्यात. वळख ना पाळख, भाषा न्हाई. मालक फोनवर. एकटा माणूस गाडीसमोर उभा असला की गॅरेजवाला त्याला काय बी सांगतो. मग मी जाऊन बसतो. कुणी हाकलत न्हाई, म्हाताऱ्याला कोण हाकलतंय."

पुढचा कंटेनर हातभर सरकला, आम्हीही हातभर सरकलो. मग त्यांनी आपणहूनच सांगायला सुरुवात केली.

त्यांचा पहिला ड्रायव्हर बालाजी, लातूरकडचा. मी इथं राहायला येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ब्रेकच्या कामासाठी ट्रक गॅरेजला होता. बालाजी तिथं, काका साडूच्या पोराच्या लग्नात. "त्यानं मला फोन केला. म्हणला, काका, ब्रेकचे लायनर नवीन टाकले म्हणतायत, पण मला नव्याचा खोका कुठं दिसला न्हाई. एकदा येऊन बघता का? मी पंगतीत बसलेलो. म्हणलं, बिल दिलंय ना? मग सही कर आन् काढ गाडी."

काका म्हणाले, "तीस वर्षांत एक पीस न बघता पास केला न्हाई पोरी. तेवढा एकच केला."

खेडच्या घाटात ब्रेक लागला नाही. पुढं मोटरसायकलवर नवराबायको होते. बालाजीनं स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक डोंगराला घातला. ते दोघं वाचले. बालाजीचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. नंतर ब्रेक खोलून बघितला, तर चाक धरणारे लायनर जुनेच होते, घासूनपुसून परत बसवलेले. गॅरेजवाल्यानं महिन्याभरात पाटी बदलली.

"दवाखान्याचं समदं मी बघितलं," काका म्हणाले. "पण त्याच्याफुडं उभा न्हाई राहिलो. त्यो झोपला का विचारायचो, झोपला असला की आत जायचो."

बालाजी गावी गेला. तिथं त्यानं पिठाची गिरणी टाकलीय. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा काकूंना फोन येतो. काका कुठं आहेत, असं तो दर वेळी विचारतो, आणि काकू दर वेळी सांगतात, आंघोळीला गेलेत. सहा वर्षं काका आंघोळीलाच गेलेले होते.

त्या आठवड्यात काकू मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. म्हणूनच बहुतेक, आम्ही चौक ओलांडला आणि काकांचा फोन वाजायला लागला. त्यांनी तो खिशातून काढला आणि नुसता हातात धरला. मी तिरप्या नजरेनं बघितलं. बालाजी.

"घ्या ना," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"काही नको. नुसता घ्या."

वाजून वाजून बंद व्हायच्या बेतात असताना त्यांनी बटण दाबलं. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून आवाज नेहमी मोठा असतो. मलाही सगळं ऐकू आलं.

"हॅलो? काकू?" पलीकडून आवाज आला. मागं गिरणीची घरघर.

काकांनी फोन कानाला घट्ट दाबला.

"काका? काका, तुम्ही बोलताव का?"

"हां," काका म्हणाले.

गिरणी बंद झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता बालाजी रडेल, नाहीतर सहा वर्षांचं साठलेलं बोलेल.

"काकू कुठं गेल्या? फोन लागंना," बालाजी म्हणाला.

"नागपूरला. पोरीकडं."

"म्हंजे तुम्ही एकटेच हाव का घरी? मग जेवणाचं काय करताव? जेवलाव का?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. काकांनी चष्मा काढला, परत घातला.

"न्हाई रे," ते शेवटी म्हणाले. "अजून न्हाई जेवलो."

मग बालाजीनं त्यांना चांगलंच झापलं. वेळेवर खात नाही, गोळ्या घेत नाही, काकू सगळं सांगतात मला. काका मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची तपासणी करत होतं.

बोलणं झाल्यावर त्यांनी फोन खिशात ठेवला.

"ये म्हणतोय," मग म्हणाले. "गिरणी बघायला ये म्हणतोय."

"मग जा की."

"पोरी, लातूरची एस.टी. कुठनं सुटते गं?"

"वल्लभनगरहून. सकाळी असते."

काकांनी घड्याळ बघितलं. "मग उद्याचीच बघ," ते म्हणाले.